तटाबाहेरची घंटा

गजर छान झाला, देवाच्या कानी गेला. आता टाळ खाली ठेवा आणि मंडळी, मला एक सांगा. दुसऱ्याचं दुःख बघून ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं, तो माणूस चांगला की वाईट? — बोला की! लाजता काय?

"चांगला!" — वा! तिसऱ्या रांगेतून आमच्या भाऊसाहेबांनी उत्तर दिलं, आणि काय ठासून दिलं! भाऊसाहेब, घाई झाली हो! आधी आख्यान ऐका, मग पुन्हा विचारतो.

तर ऐका! धवलावती नावाची नगरी. उंच टेकडी, टेकडीवर राजवाडा, आणि राजाचं नाव यशोधर. राजा कसा? दयाळू! महाद्वाराशी, तटाच्या बाहेर, त्यानं पितळेची मोठी घंटा टांगली होती. कुणासाठी? परक्या राज्यातल्या गांजलेल्यांसाठी! दुसऱ्या राजाच्या जुलमानं पिचलेला कुणी आला, त्यानं दोर ओढला, की यशोधर हातातला घास टाकून उठायचा. त्याचे पाय स्वतःच्या हातानं धुवायचा, फिर्याद ऐकायचा. आणि मग भर दरबारात त्या दुसऱ्या राजाचा असा धिक्कार व्हायचा — की विचारू नका! प्रधान वाक्पती ती भाषा रचायचे. "तुम्हांला राजा म्हणावं तरी कसं?" — ही सुरुवात! पुढचं मी देवळात बोलू शकत नाही. लोक चौकात जमून ऐकायचे, माना डोलवायचे. आपला राजा अख्ख्या पृथ्वीचा कान पिळतो म्हणून प्रत्येकाची छाती फुगायची.

आणि नगरीतल्या माणसांसाठी कुठली घंटा? — नव्हती! कशाला हवी? आपल्या राज्यात दुःख नाहीच, हे ठरलेलं होतं ना!

दुजियाच्या दारी शोधितो तो काटा ।
आपुलिया वाटा कोण झाडी? ।।

तबलजी, ठेका जरा हळू. आता साळूकडे जायचंय.

टेकडीच्या पाठीमागं, अगदी तळाशी, पाथरवटांची आळी होती. वर राजाची घोड्यांची पागा. पागेतली सगळी घाण उतरायची ती आळीच्या तळ्यात, आणि आळी तेच पाणी प्यायची. त्याच आळीतल्या साळूची तान्ही मुलगी त्या पाण्यानं गेली. तिचा नवरा सटवोजी, दगडासारखा अबोल माणूस! पोरीला माती देऊन आला तो घरी थांबलाच नाही. थेट महाद्वाराशी.

पहारेकरी म्हणाला, "कुठल्या राज्याचा?"

"ह्याच की!"

"मग घंटेला हात लावायचा नाही."

सटवोजी ओरडला. जन्मात पहिल्यांदा ओरडला. तेवढ्यात प्रधानांची पालखी आली. प्रधान समजावणीच्या सुरात म्हणाले, "वेड्या, आपल्या राज्यात दुःख नाही म्हणून तर आपण जगाला बोलतो. तू दुःख आहे म्हणालास, तर आम्ही बोलायचं कोणत्या तोंडानं?" — आणि टाकला त्याला अंधारकोठडीत! बघा हो न्याय! वैद्याला काही म्हणायचं नाही, रोगी कण्हला म्हणून रोग्यालाच कोंडायचं!

कोठडी आळीच्याच माथ्यावर, टेकडीच्या पोटात. साळू रोज गजांतून भाकरी द्यायची. कोठडीत पाणीही त्या तळ्यातलंच. सटवोजी वाळत गेला, खोकल्यातून रक्त पडू लागलं. शेवटी कोठडीचा रखवालदार खाली मान घालून म्हणाला, "साळूबाई, हा काही आता दिवाळी बघत नाही."

त्या दिवशी साळू रडली नाही. उठली, नदीवर गेली, नावेत बसून पलीकडे उतरली. पलीकडच्या बायका उजव्या खांद्यावरून पदर घेतात, तसा घेतला. दुसऱ्याच नावेनं परत आली आणि महाद्वाराशी उभी राहिली.

"कुठून आलीस?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"नदीपलीकडून."

खोटं बोलली का? नाही! पलीकडूनच आली होती! तिनं दोर धरला आणि ओढला.

घण्ण!

राजा धावत आला. डोक्यावर पागोटं नाही, पायांत वहाणा नाहीत. चांदीचं घंगाळ आलं. साळू दात आवळून उभी होती. ह्याच माणसानं माझी पोर खाल्ली, ह्यानंच माझा धनी कोंडला, असं मनात धरूनच ती आली होती. राजा खाली बसला, तिचे भेगाळलेले पाय हातात घेतले. ती सांगू लागली. तळं सांगितलं, पोर सांगितली, कोठडी सांगितली. आणि तिच्या पावलावर काहीतरी ऊन ऊन पडलं. तिनं खाली पाहिलं. घंगाळातलं पाणी गार होतं हो! राजाचे अश्रू पडत होते!

मंडळी, साळू हादरली. ढोंगी निघाला असता तर सोपं होतं. हा खरंच रडत होता! एवढा मोठा दयेचा झरा, आणि एक थेंब कधी तटाच्या आत उतरला नाही!

"कोण तो नराधम?" राजा गरजला. "नाव सांग!"

"नाव घ्यायची आम्हांला बंदी आहे, महाराज. वाट दाखवीन."

राजानं बेल-भंडारा उचलला. "शपथ घेतो! त्या राजाला त्याच्याच कोठडीच्या पायरीवर बसवीन. तो कैदी आपल्या तोंडानं 'ऊठ' म्हणेपर्यंत उठू देणार नाही!" दरबार जयजयकारानं दणाणला. प्रधानांनी तर चालता चालता धिक्कार रचायला घेतला.

निघाले. पुढे साळू, मागे राजा, प्रधान आणि मोजके स्वार. तटाबाहेरून, बाभळवनातून, टेकडीला लांबलचक वळसा! जन्मभर वरून खाली बघणाऱ्यांना खालून वर काय दिसणार? कुणाला ओळख पटेना. आळी आली. वाकड्या झोपड्या, माश्या, हिरवं पडलेलं तळं. प्रधानांनी नाकाला शेला लावला. "छी छी! काय हे राज्य! ह्याच्या राजाला लाज कशी वाटत नाही?" — हसू नका, पुढे तुमचीही पाळी आहे!

चढण चढून कोठडीपाशी आले. रखवालदार लगबगीनं पुढे झाला आणि जमिनीला कपाळ टेकलं. "महाराजांचा विजय असो!"

राजा सुखावला. "प्रधानजी, आमची कीर्ती परमुलखातसुद्धा पोचली!"

"परमुलूख कसला, धनी?" रखवालदार गोंधळला. "मी आपलाच चाकर. आपल्याच मिठाचा."

राजानं मान वर केली. वर, कड्याच्या टोकाला, राजवाड्याची मागची भिंत होती, आणि तिच्यावर त्याचंच निशाण फडकत होतं.

प्रधान भानावर आले, साळूकडे बोट रोखून ओरडले, "दगा! महाराज, बाई लबाड आहे, हिला कड्यावरून लोटा! शपथ परक्या राजासाठी होती, आपल्यासाठी नव्हती!"

साळूनं डोळे मिटले. एक शब्द, राजाचा एकच शब्द, की ती खाली आणि सटवोजी आत मरणार. तिनं देवाचं नाव घेतलं. तिला वाटलं, संपलं.

मंडळी, हा प्रसंग सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. साळूला पावलं ऐकू आली. तिनं डोळे उघडले, तर पृथ्वीचा कान पिळणारा तो राजा कोठडीच्या शेणामातीच्या पायरीवर जाऊन बसला होता! मान खाली घातलेली. म्हणाला, "दार उघडा."

दार उघडलं. भिंतीला धरून सटवोजी बाहेर आला. उजेडानं डोळे दिपले होते. त्याला साळू दिसेना, निशाण दिसेना. पायरीवर कुणीतरी खांदे पाडून बसलंय, एवढंच दिसलं. त्याला वाटलं, नवा कैदी आणलाय! तो आत वळला, आपलं मडकं घेऊन आला आणि राजापुढं धरलं.

"घे बाबा, घोटभर पी. वाईट आहे, पण दुसरं मिळत नाही इथं. तुला कुणी रं कोंडलं?"

काय बोलावं, मंडळी! ज्यानं कोंडलं त्यालाच हा पाणी पाजतोय! साळूचे हात आपोआप जोडले गेले. राजानं मडकं घेतलं. पागेची घाण उतरलेलं, ज्यानं साळूची तान्ही नेली ते पाणी, तळापर्यंत प्याला. मग म्हणाला, "माझं मला मीच कोंडलं रे. तू ऊठ म्हणालास तर उठेन."

सटवोजीनं हात पुढे केला. "ऊठ की मग! पायरी ओली आहे."

राजा तो हात धरून उठला. सटवोजीला घेऊन साळू घरी गेली. पागा हलली, तळं उपसलं गेलं. आणि ती पितळेची घंटा? तटाबाहेर राहिलीच, पण तिचा दुसरा दोर खाली आळीपर्यंत आणला. पहिल्यांदा कुणी ओढला? साळूनं! का? नवरा बरा झाला, हे सांगायला!

आता भाऊसाहेब, पुन्हा विचारू? नको! तुम्ही खाली बघताय, समजलं मला.

आता कीर्तन संपेल, बुक्का लावाल, आणि पारावर बसाल. अमक्या देशानं असं करायला नको होतं, तमक्या सरकारला माणुसकीच नाही! बोला, जरूर बोला, खरंच असेल ते. पण त्या वेळी घरात, मागच्या खोलीत, खाटेवरून कुणीतरी तिसऱ्यांदा हाक मारत असतं, "अरे, पाणी देता का कुणी?" त्या खाटेपाशी दोर आहे का हो?

नाम घ्या, मंडळी. मोठ्यानं घ्या! पण आज घरी गेल्यावर आधी त्या खोलीचं दार उघडा.