केनियाला निघण्याआधी

२००९. आखातातल्या अल कुसैसच्या क्लिनिकमध्ये, यलो फीव्हरच्या लशीच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी नवरा-बायको आणि त्यांची मुलगी होती.

"सतीश, इथली कंपनी बंद पडली, खलास. पण केनियात नक्की काम काय?"

"सफारी लॉजचा मेंटेनन्स. पाहुण्यांच्या जीप, तंबू, पहाटे आकाशात फिरवणारे बलून, सगळं माझ्याकडे."

"डॅडी, विल वी सी लायन्स?"

"अस्मी, तू आणि आई पुण्याला. मी आधी एकटा जाऊन बघतो."

"पुण्याला कुणीही जाणार नाही."

"कुंदा, जंगल आहे ते!"

"मग? या वाळवंटात आलो, तेव्हा इथे तरी कोण ओळखीचं होतं?"

"नेक्स्ट!"

कुंदा बाही वर सारत पुढे झाली.

"सिस्टर, पहले मुझे. फिर बेटी को. साहब सुई से डरते हैं, उनको लास्ट."