बाजूची शिवण

नाही, हात सैल सोडा डॉक्टरबाई, खांदा कुठे पडतो ते बघू दे — हं, असं. दातांच्या डॉक्टरांचा कोट पहिल्यांदाच शिवतोय. समोरच दवाखाना टाकलात, बरं झालं. म्हणजे आमच्या चिंगीला दाखवायचंय असं नाही — सहा वर्षांची आहे, दुधाचेच दात, पडणारच. उद्या फेकायच्या कापडाला आज रफू कोण करतं? पुढचे चार काळे पडलेत, मागची एक दाढ पोखरलीय. हसताना तोंडावर हात धरते — लाजाळू हो, आईवर गेलीय. शाळेच्या बाई म्हणतात, गालाला हात लावून बसते, उत्तर देत नाही, मंद आहे का? मंद कसली! तीन वर्षांची असताना दोऱ्यांचे सगळे रंग सांगायची, अगदी मोरपंखीसुद्धा.

वळा जरा. गंमत सांगतो — लोकांची पोरं कपडे आखूड झाले म्हणून येतात, आमचीचा फ्रॉक ढगळ होतो. उंची बोटभर वाढली, कंबर दीड इंच उतरली. चावत नाही ना, दुधात पाव बुडवून गिळते, तेवढंच. मी बाजूच्या शिवणी आत घेतल्या. दोनदा. इतक्या बेमालूम, की तिच्या आईलाही कळलं नाही — कोण म्हणेल पोरगी वाळलीय?

रडणं मात्र ऐकवत नाही. लवंगेचं तेल झालं, मिठाचं पाणी झालं. शेवटी आमच्या म्हातारीच्या झोपेच्या गोळ्या असतात, त्यातली पाव देतो. पावच. मग निजते, मलाही मशीन चालवता येतं. परवापासून गाल सुजलाय, डोळ्यापर्यंत आलाय, अंग तापलंय — पाव गोळीनं भागेना, म्हणून आज सकाळी अर्धी दिली. पुन्हा कण्हायला लागली, म्हणून उरलेली अर्धी — तिची आई कामावर, मी एकटा, काय करणार?

आत आहे, पडद्यामागे, कापडाच्या गठ्ठ्यांवर. आता बरंय तिला. बघा, येतोय का आवाज? दुपारपासून हूं नाही की चूं नाही —

अहो, कुठे निघालात? कोट कच्च्या टाक्यांवर आहे, उसवेल. तिला उठवू नका, मोठ्या मुश्किलीनं — पडदा कशाला — अहो, गालावर असं मारू नका, दुखतं तिला तिथं. हाक मारा. चिंगी म्हणा. त्या हाकेला ओ देते ती.

जरा मोठ्यानं म्हणा.