चिंगी कृषी केंद्रात

तुमी हसान, पण आमच्या बायकोनं चिखलदऱ्याहून हात जोडून बसणारा एक किडा आणला आन् बरणीत पाळला. नाव ठेवलं चिंगी. दिसाले अगदी वाळल्या पानासारखी, पण कोणत्या जातीची ते कोणालेच सांगता येईना. तीन दिवस चिंगी काही खाईना, तसं बायकोनंही जेवण सोडलं. म्हणे, "जात समजल्याशिवाय हिले खायाले देऊ तरी काय?"

शेवटी मी बरणी घेऊन राजापेठेतल्या कृषी केंद्रात गेलो. दुकानदारानं झाकण उघडलं, एक नजर टाकली आन् सरळ फळीवरची फवारणीच्या औषधाची बाटली काढून काउंटरवर ठेवली.

"पंपाले दोन झाकणं टाका. किती एकरात आहे?"

"एकच किडा आहे भाऊ, पाळलेला. मले फक्त त्याची जात सांगा."

त्यानं चष्मा काढला. "पाळलेला? आमी किडा औषधावरून ओळखतो, जातीवरून नाही."

तेवढ्यात एका शेतकऱ्यानं कपाशीचं बोंड काउंटरवर ठेवलं. त्याच्यावर अळी फिरून राहिली होती. चिंगी बरणीतून निघाली, झडप घालून अळी फस्त केली आन् परत हात जोडून बसली.

शेतकऱ्यानं बाटली बाजूले सारली.

"मले हेच द्या. तीन एकराले किती लागतील?"