सागाच्या भुश्याची शेगडी

माह्यं माहेर बेल्याकडचं, म्हाराष्ट्राच्या शिवेवरचं लहानसं गाव. बाप माहा बैलजोडीनं लाकूड ओढे, जंगलातून सडकेपर्यंत. तवा सरकारच साग तोडे अन् सरकारच लिलाव करे, अन् मी भाकर घेऊन गेली का बाप म्हने, सुमन, जंगल कधी सरते का व? आता त्याच वाटेनं गेलं तर खुंटं दिसते, अन् ज्या नाल्यात बैलं पानी पेत तो दिवाईतच कोरडा पडते. बाप गेला, बैलं इकले, अन् मी इथं इचोड्याले आली, लाकूड कापाच्या आरा मशीनवरच्या मिस्त्रीची बायको होऊन. म्हंजे लाकडानं काही माही पाठ सोडली नाही, पाहा.

आमचे मिस्त्री तीस वर्सं झाले त्या एकाच मशीनवर. करंगयी मशीननं नेली, तरी मशीनले कधी शिवी देल्ली नाही, लई कमी बोलते. मी गेटासमोर चहाची टपरी टाकली, अन् मशीनच्या शेटनं सांगतलं, वयनी, भुसा लागन तेवढा न्या. भुश्याची शेगडी तुमी पाह्यली का ताई? डब्बा घ्याचा, मधात शिशी उभी कराची, भवताल भुसा ठासून ठासून भराचा, मंग शिशी हयूच वर काढाची अन् खालच्या भोकातून काडी लावाची. पन भुश्याभुश्यात फरक असते. निंबाचा डोये जायते, निलगिरीचा धूर पडशाच्या दवाईवानी वास मारते, अन् सागाचा, काय सांगू तुमाले, सागाच्या भुश्यात तेल असते, सकायी पेटवली शेगडी तर दुपारपर्यंत इझत नाही.

पन साग आता येते कुठून? जंगल बंद झालं, वाघासाठी राखलं म्हनते, राखाव बाप्पा, त्याचं आमी काऊन वाईट म्हनाव. वावराच्या धुऱ्यावरचा साग कास्तकार तोडू शकते, पन त्याले तहसीलची दरखास्त, जंगलवाल्याइचा कागद, चकरा मारून मारून मानूस म्हनते उभा राहू दे त्याले. अन् लोकं आता लोखंडाचे दरवाजे लावते. मशीन हप्त्यातून दोन दिवस चाले, तेबी निलगिरीवर. मशीनवरचे दोघं जनं मजुरीसाठी हैद्राबादले निंघून गेले. शेट मानूस वाईट नाही, खोटं काऊन बोलू, पन मशीन बंद पडन या धाकानं तो अर्धा झाला होता.

मंग एक दिवस मिस्त्रीले उजेडाच्या आंधीच बलावनं आलं. मी नेहमीसारखी सकायी पोतं भराले गेली, तर भुसा पिवया, तेलकट, हातात घेतला तर वासच वास. मले बापाची याद आली. इतकी खुश झाली मी, कोनाचं लाकूड, कुठून आलं, हा इचारच डोस्क्यात आला नाही.

आमच्याकडं जंगलखात्याचा एक गार्ड रोज चहा पेते, तेलगू मानूस, मले अम्मा म्हनते. तो येऊन बसला, अन् मी आपली तोंडाची फाटकी, म्हनलं, बसा निवांत, आज सागाचा भुसा हाय, चहा लवकर उकयते. बोलली अन् पाह्यलं तर त्याचा कप ओठापाशीच थांबला. अम्मा, ये कहां से आया, एवढंच इचारलं त्यानं. मी घाईनं पोतं मांगं सरकवलं. म्हनलं, जुनं पोतं होतं घरी. त्यानं पोत्यात हात घातला, वास घेतला. जुना भुसा काया पडते ताई, हे त्यालेबी ठाऊक अन् मलेबी. एक मूठ रुमालात बांधली अन् अर्धा चहा तसाच ठेवून गेला. तवापासून टपरीवर आला नाही.

आठ दिवस मी मिस्त्रीले सांगतलं नाही. सडकेवर जंगलखात्याची जीप दिसली का मी टपरीमांगं लपो, घास खाली उतरे नाही, ते इचारत काऊन जेवत नाही, मी म्हनो पित्त झालं. माह्या एका जिभेनं माह्याच मानसाले बेड्या पडतीन, हाच घोर. मंग काल शेट सोता टपरीवर आला, जो कधी गेटाच्या बाहीर येत नाही तो, अन् म्हने, वयनी, इचारपूस सुरू झाली, कोनं तोंड उघडलं कोन जाने. मिस्त्रीले म्हनाव, सायबानं इचारलं तर सांगा शेट गावाले गेलते, मीच कापलं. घराचं मी पाह्यतो.

मिस्त्री कामावरून आले तसं मी सारं सांगून टाकलं, रडत रडत. वाटलं आता कडकतीन. तर म्हने का ते झाड दोघाच्या कवेत मावलं नसतं, शेट म्हनला एवढं एकच, अन् मी मशीन सुरू केली. तीस वर्सं कोन्या लाकडाले इचारलं नाही तू कुठचं, त्याले इचारा वाटलं अन् मी इचारलं नाही. मंग म्हने, सुमन, तू बोलली तेच बरं झालं, माह्याच्यानं बोलनं झालं नाही.

म्हने उद्या जंगलखात्याच्या दफ्तरात जातो, आनलं शेटनं, कापलं मी, दोन्ही सांगतो. मी पाय धरले, म्हनलं, तुमालेच आत टाकतीन, मशीनले कुलूप लागन, गल्लीतल्या साऱ्याइच्या चुली त्याच्यावर हाय. ते म्हने, उरलेला भुसा जायू नको, सायबाले दाखवाले लागन.

आज सकायच्या बसनं गेले आदिलाबादले, धुतलेला सदरा घालून. आता पाहा, ऊन कुठं आलं, फोन बंद. शेटचा मानूस दोनदा पोतं मांगून गेला, मी सांगतलं, जयून गेलं. शेगडीत आज कापसाच्या पऱ्हाट्या घातल्या, भकभक जयते अन् इझून जाते, म्हनून तुमाले चहाले इतका उशीर. ते पाहा, अजून शेट गेटातून इकडंच पाहून राह्यला.

तुमी ज्याच्यावर बसल्या ना ताई, सतरंजी टाकली म्यां वरून, तेच पोतं होय ते. उठू नका, उठू नका. बसा. देव तुमचं, तुमच्या लेकराबायाइचं भलं करन. एवढी आदिलाबादची बस येऊ द्या, मंग जा.