अजून पाण्यातच

हट्ट्याच्या थांब्यावर निवृत्त शिक्षक संतराम गुरुजी वसमतच्या बसची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर सोजराबाई आणि त्यांची सातवीतली नात ऐश्वर्या बोलत होत्या.

"आजी, हे पुस्तक आज परतच करून टाकू."

"काहून? हळद निवडताना तूच वाचून दाखवत होतीस की. ती होडीतली पोरगी अजून घरी पोचली न्हाई."

"वाचनालयातले काका म्हणले होते, बराबर मागं वाचलेल्या त्या हत्तीच्या पुस्तकासारखं हाये. अर्धं झालं तरी तसलं हसू आलं न्हाई."

"तुझ्या आजोबाला बी लग्नाआधी सांगितलं होतं, पोरगी बराबर थोरल्या वहिनीसारखी हाये. वरीसभर माझ्या भाकरीत वहिनीची चव हुडकत होता."

"मंग?"

"मंग एक दिवस म्हणला, तुझी भाकर जाड असती, पण गोड लागती."

"जाडच असती आजी."

"अन् तू दोन खातीस."

"तीन."

"मंग त्या हत्तीला सोड आता. मला वाचता येत न्हाई, बाई. पुस्तक गेलं की ती पोरगी माझ्यासाठी कायमची पाण्यातच ऱ्हाईल."

ऐश्वर्यानं पुस्तक उघडलं. मग पानं उलटल्याचा आवाज आला.

"कुठवर आलतो आपण?"

"वल्हं मोडलं तिथवर."

ऐश्वर्या वाचू लागली. चार-पाच पानं झाली आणि बस आली.

"वसमत, चला मावशी," वाहकानं हाक दिली.

"तू जा बापू. आमची पोरगी अजून पाण्यातच हाये."

पिशवी घेऊन उठलेले गुरुजी पुन्हा खाली बसले.