डोळ्यांत थेंब घातल्यावर

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नर्सने काकांच्या डोळ्यांत नुकतेच थेंब घातले होते.

"मोबाइल ठेवा खिशात," काकू म्हणाल्या. "तासभर काही दिसायचं नाही."

"मग करू काय तासभर?"

"बोला माझ्याशी."

"बरं. काय चाललंय तुझं?"

"पोहायला शिकतेय."

"तू? पाण्यात?"

"नाही, गच्चीवर! महिना झाला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"जेवताना सांगितलं, तुम्ही 'हं' म्हणालात. मग फोटो पाठवला, तर समोरच बसून मला अंगठा पाठवलात."

"ती टोपीवाली तू होतीस?"

"काल न थांबता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले."

"अगं, मग उद्या येतो बघायला! काठावर बसून टाळ्या वाजवतो."

"चला, काहीतरीच!"

"काका, आत या, डॉक्टर बोलावतायत."

"सिस्टर," काकू घाईने उठल्या, "हे थेंब घरी न्यायला मिळतात का हो?"