दुसऱ्या भागातली आई

नाही, नाही, तोंड मिटू नका — अजून थोडा मोठा आ करा — हां, असाच. बोलायचं नाही. दुखलं तर डावा हात वर करायचा, बाकी सगळं मी बोलते. तर ते टेबलावरचं पुस्तक ना? आत आल्यापासून तुमचे डोळे तिकडेच आहेत, म्हणून सांगते. वाटलं असेल, पंखवाल्या राजपुत्राचं पुस्तक, आणि ही पन्नाशीची डेंटिस्टबाई काय वाचत बसलीय! माझ्या मुलीचं आहे. म्हणजे तिच्या खोलीतून आणलंय — न विचारता. आता भुवया उंचावू नका, सुई टोचायचीय.

पहिला भाग आम्ही मायलेकींनी मिळून वाचला होता, एक पान ती, एक पान मी. तेव्हा तिच्या दातांना तारा होत्या — मीच लावलेल्या — ‘राजपुत्र’ म्हणताना थुंकी उडायची आणि आम्ही हसून हसून लोळायचो. गोष्ट काय, तर दिवे लावणाऱ्या बाईची एक मुलगी, आई तिला तळहातावर ज्योत धरायला शिकवते, एक भला नावाडी तिच्यावर जीव टाकतो, आणि हा शत्रूचा राजपुत्र उगाच मधे मधे उडतो. लेक म्हणायची, याला आधी बुरुजावरून ढकला, आपला नावाडीच बरा. आता दुसरा भाग आला, तर बाईसाहेबांनी दार लावून एकटीनं वाचला. विचारलं, कसाय? तर म्हणे, बरंय. इतकी वर्षं वाट बघितली आणि ‘बरंय’? वर म्हणते, “आई, राजपुत्राचीपण काही बाजू आहे गं.” तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. ओठ जड झाला का? होऊ दे.

मग मीच वाचायला घेतला. वाईट आहे असं नाही हं. ती दिवेवालीची मुलगी वादळात पहिल्यांदा उडते ते प्रकरण — काय लिहिलंय! बसल्या जागी मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पण ते दोन-दोन पानं एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसणं? कामधंदे नाहीत का यांना? राजपुत्र तीनशे वर्षांचा आणि दात म्हणे मोत्यांसारखे, झिजले नाहीत ते? तेही सोडा. ती आई! सुरुवातीला एकदा तटावरून हात हलवते आणि जी गायब होते ती होतेच. पोरगी उडते, लढते, त्या राजपुत्राशी लग्न करते — एकदा तरी म्हणावं, आई जेवली असेल का? नाव नाही. चूक आहे ही, लिहिणारीची सरळ सरळ चूक. लेकीला म्हटलं तर म्हणाली, “गोष्ट तिची आहे ना आई, आईची कुठंय?” बरं. नसेल. — मशीन लावतेय, हलू नका.

आणि पुस्तकात काय सापडलं माहितेय? खुणेसाठी ठेवलेली पेन्सिल. चावलेली! आता माझ्या लेकीचे दात मी घडवलेत, एका रेषेत आहेत. या पेन्सिलीवर एक खूण तिरकी आणि तिच्या शेजारी टवका उडालेला. तेव्हापासून या खुर्चीत जो जो तरुण मुलगा बसला, त्याचे पुढचे दात मी आधी बघितले, दाढ नंतर. आणि आज तुम्ही आ केलात — पुढचा एक दात तिरका, शेजारच्याचा टवका उडालेला. — का हो, गल्लोगल्ली डेंटिस्ट असताना दोन बस बदलून माझ्याकडेच? मित्रानं सांगितलं म्हणालात. कोण मित्र? हात वर करू नका, दुखत नाहीये तुम्हाला, मला कळतं.

तू म्हणते आता, चालेल ना. नखं नाही खात ना? बरं, पेन्सिलपण सोड. दिसायला काही वाईट नाहीस. दाढ किडलीय ती साखरेनं, माणूस नाही किडलेला — पण ते दाढेवरून कळत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलू कुणाला? तिच्या बाबांनाही बोलले नाही मी. पण मघापासून एकच कळत नाहीये. एवढी घाई का? ‘डॉक्टर, आजच्या आज सगळं उरकून टाका, पुढच्या आठवड्यात मी इथं नाही’ —

थांब. गेल्या रविवारी तीपण बसली होती इथं. लहानपणापासून माझ्या खुर्चीचं नाव काढलं की पळणारी पोरगी, आपणहून आली. म्हणाली, आई, सगळे दात एकदा नीट बघून घे ना, साफ करून दे. मी खुळी, मला आनंद झाला. लांब जायचं असलं की लोक दात दाखवून घेतात, हे रोज बघणारी मी —

डोळ्यांत पाणी कशाला? भूल चढलीय, दुखत नाहीये तुला.

चूळ भर. अजून एकदा. भूल उतरेपर्यंत काही खाऊ नकोस, गाल चावला जाईल. आणि हे बघ — तिची खालची उजवीकडची एक दाढ आहे, थंड लागलं की कळ जाते. ती सांगत नाही. कधीच सांगत नाही, नुसती गप्प बसते, आणि आपल्याला वाटतं रागावलीय. विचारावं लागतं. रोज विचारायचं. बास, ऊठ आता. बाहेर कोण बसलंय, त्यांना आत पाठव.